वाचकांचे प्रश्न: मास्क, सुरा आणि १९८० च्या आसपासचे ते पिक्चर

प्रश्न (फोंडा): पावसात घरी बसून आमच्या पोरांनी जुने हॉरर पिक्चर लावलेत. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा पहिला पार्ट शेवटपर्यंत पाहिला, पण हॉकी मास्कवाला खुनी जेसन कुठंच नाही. आम्ही भलताच पिक्चर लावला का? आणि हे सगळे एकसारखेच का, तोच कॅम्प, तीच पोरं, तोच सुरा?

उत्तर: पिक्चर बरोबरच लावलात. शेवट पाहिलाय म्हणून उघड बोलतो. १९८० च्या पहिल्या पार्टमध्ये खून करते ती जेसनची आई, १९८१ च्या दुसऱ्यात जेसन स्वतः येतो पण डोक्यावर पोत्यासारखं फडकं घालून, आणि हॉकी मास्क त्याला मिळतो थेट तिसऱ्या पार्टात, १९८२ ला.

एकसारखे का, तर पैसा. जॉन कार्पेंटरने १९७८ मध्ये 'हॅलोविन' साधारण सव्वातीन लाख डॉलरमध्ये केला, खुन्याचा चेहरा म्हणजे दुकानातून आणलेला स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा मास्क, त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं काम. त्या पिक्चरने कोट्यवधी डॉलर कमावले म्हटल्यावर सगळेच मागे लागले. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा डायरेक्टर शॉन कनिंगहॅम, त्याने तर स्क्रिप्ट तयार नसताना नुसत्या नावाची पानभर जाहिरात 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या पेपरात देऊन टाकली. मग न्यू जर्सीतला स्काउटांचा खराखुरा कॅम्प, बहुतेक नवखी पोरं आणि रात्रीचं शूटिंग, एवढ्यावर पिक्चर उभा राहिला.

पण म्हणून ते टाकाऊ नाहीत हं, हे मी अगदी मनापासून सांगतो. पुन्हा बघाल तेव्हा कान देऊन बघा. संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीने ठरवलं होतं की खुनी जवळपास असेल तेव्हाच म्युझिक वाजवायचं. आपल्याकडे दशावतारात राक्षस यायच्या आधीच पखवाज नि झांज कडाडते आणि पुढ्यात बसलेली पोरं आईला बिलगतात ना, तस्संच. कोणी नुसती मस्करी करून घाबरवत असेल तर म्युझिक गप्प. ते 'कि कि कि, मा मा मा' पण त्यानेच 'किल हर, मॉमी' यातली सुरुवातीची अक्षरं घेऊन स्वतः माइकवर म्हटलंय, वर एको लावलाय. मास्क नाही, चेहरा नाही, बाई शेवटी दिसते, तोवर सगळी भीती या आवाजावर आणि खुन्याच्या डोळ्यांनी बघणाऱ्या कॅमेऱ्यावर चाललीय!

प्रश्न (डिचोली): खाणीवरचा पण एक असा पिक्चर आहे म्हणे?

उत्तर: आहे, 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन', १९८१, कॅनडाचा, आणि तुमच्या भागातल्या लोकांनी तो बघायलाच पाहिजे. नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्स गावात शूटिंग झालं, खाली खऱ्या कोळसा खाणीत उतरून, पेट घेणाऱ्या मिथेन गॅसमुळे लाइटसुद्धा जपून लावावे लागले. आपल्याकडच्या खाणी उघड्या, तिथली जमिनीखाली, त्यामुळे तो कोंडलेला अंधार आपल्याला नवीन वाटेल. पण गोष्टीचं मूळ अगदी ओळखीचं आहे: दोघे सुपरवायझर डान्सला जायच्या घाईत मिथेन न तपासता निघून जातात, स्फोट होतो, माणसं गाडली जातात आणि सगळा सूड तिथून सुरू होतो. गॅस मास्क, हेल्मेटवरचा दिवा, हातात कुदळ, हा खुनी मला जेसनपेक्षा जास्त खरा वाटतो कारण हे कपडे तिथल्या प्रत्येकाच्याच अंगावर असतात. तेव्हा अमेरिकेत रेटिंगसाठी त्यातले बरेच सीन कापले होते, २००९ च्या डीव्हीडीत काही परत आले, मिळाला तर तोच बघा.

प्रश्न (मडगाव): पोरगी तेरा वर्षांची, हट्ट धरून बसलीय. दाखवू का?

उत्तर: आत्ता नको ताई. अमेरिकेतही हे आर रेटिंगचे, सतराच्या आतल्यांनी मोठ्यांसोबतच बघायचे. पण तिला नुसतं नाही म्हणू नका, ते बनवलं कसं ते सांगा. व्हिएतनाम युद्धात फोटोग्राफर राहिलेला टॉम सविनी 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या पहिल्या पार्टचा मेकअपवाला, त्याने त्यातला नट केव्हिन बेकनला खाटेखाली बसवलं, गादीच्या भोकातून फक्त डोकं वर, गळा नि छाती खोटी, आणि ऐनवेळी रक्ताची नळी सुटली तर असिस्टंटने तोंडाने फुंकून रक्त उडवलं! आवड असेल तर तिला खोटी जखम करायला शिकू दे, पिक्चर दोन-चार वर्षांनी तुमच्या शेजारी बसून बघेल.