पानशेतच्या पुराच्या खुणा पाहायच्या तर...

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही बडोद्याला राहतो. माझ्या सासूबाईंचे माहेर पुण्यात, नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ रोजी त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्या दिवशी घरातले सगळे जण नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडले, एवढेच त्या सांगतात. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला आता तो पूर ‘जिथे आला ती जागा’ पाहायची आहे. जुलै महिन्यात दोन दिवसांसाठी पुण्याला येण्याचा बेत आहे. काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि सासूबाईंना हे सारे झेपेल का, याचे मार्गदर्शन करावे.
— एक वाचिका, बडोदे

उत्तर : आपल्या मुलीला आधीच एक कल्पना देऊन ठेवावी. एखादे भव्य स्मारक पाहायला मिळेल या अपेक्षेने कोणी पुण्यात आले, तर निराशा पदरी पडते. या पुराच्या खुणा पुलांच्या कमानींत, पेठांच्या नव्या इमारतींत आणि शहराच्या कडेला वसलेल्या वसाहतींच्या नावांत विखुरलेल्या आहेत, आणि त्या ओळखायच्या तर घडले काय हे थोडे ठाऊक असावे लागते.

पानशेतचे धरण मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर बांधले जात होते. ते मातीचे धरण होते. काम १९६२ साली पूर्ण व्हावयाचे होते, परंतु पाणी १९६१ च्या पावसाळ्यातच अडवले गेले. त्या वेळी विमोचकाचे, म्हणजे धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याच्या बोगद्याचे, काम अपुरे होते आणि त्याची दारे नीट बसलेली नव्हती. पावसाने जलाशय झपाट्याने भरत गेला आणि विमोचकाच्या वरचा मातीचा बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो बांध तोलून धरला. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळले आणि काही तासांनी तेही फुटले. जवानांच्या त्या रात्रीच्या श्रमाने धरण वाचले नाही, पण पाणी मध्यरात्री गाढ झोपेत असलेल्या पेठांत शिरण्याऐवजी उजेडी शिरले. ‘पानशेत फुटले’ ही आरोळी ऐकून हजारो माणसे उंचावर पळू शकली, त्यांत आपल्या सासूबाईही असाव्यात. मृतांची संख्या हजाराच्या आसपास सांगितली जाते, मात्र सरकारी आकडे आणि लोकांच्या आठवणी यांचा मेळ कधीच बसलेला नाही.

आता क्रमाविषयी. बहुतेक जण आधी पानशेतला जातात आणि मग शहरात येतात. आमचे मत उलट आहे. धरण शेवटी पाहावे, कारण तिथे फुटल्याची काहीही खूण उरलेली नाही. शहरातले नुकसान डोळ्यांपुढे आणल्यावर तो शांत जलाशय पाहिला, तर मुलीला त्यातून काही उमगण्याचा संभव अधिक.

पहिल्या दिवशी सकाळी डेक्कन जिमखान्याच्या बाजूने लकडी पुलावर यावे. या पुलाचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल असले, तरी ‘लकडी पूल कुठे’ असे विचारल्यावाचून रिक्षावाल्याला पत्ता कळत नाही. पानिपताच्या युद्धानंतर येथे लाकडी पूल बांधला गेला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. १७६१ चे पानिपत आणि १९६१ चे पानशेत ही जोडी जुन्या पुणेकरांच्या तोंडी असते. दोनशे वर्षांचे हे अंतर योगायोगाचे, परंतु दोन्ही शब्द एकाच उसाशासरशी उच्चारले जातात. पुलाच्या मध्यावर उभे राहून मुलीला नदीचे पात्र पाहू द्यावे आणि पाणी या पुलावरून वाहत होते एवढेच सांगावे. दोन्ही काठांवरच्या इमारतींकडे पाहिल्यावर पुढचे तिचे तिला कळेल. जवळच खाली बाबा भिडे पूल दिसेल. तो पुष्कळ नंतरचा आणि मुद्दाम कमी उंचीवर बांधलेला आहे. धरणातून पाणी सोडले की तो बुडतो आणि वाहतुकीसाठी बंद होतो. त्या दिवशी तसे असेल तर काठाशी जाण्याचा मोह टाळावा.

तेथून नदीच्या कडेकडेने नारायण पेठ आणि शनिवार पेठ ओलांडत किलोमीटर-दीड किलोमीटरवर ओंकारेश्वराचे मंदिर लागते. पेशवाईत, १७३८ च्या सुमारास पूर्ण झालेले हे मंदिर पुराच्या पाण्यात गेले आणि तरीही उभे राहिले. आसपासचे मातीविटांचे वाडे मात्र विरघळल्यासारखे बसले. याचे कारण मुलीला प्रत्यक्ष दाखवता येईल. मंदिराचे बांधकाम दगडी आहे, तर वाड्यांना लाकडी सांगाडा असे आणि वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असत. माती भिजून सुटली की सांगाडाच तेवढा उरे, आणि तोही ओढीपुढे टिकला तर. आपल्या सासूबाईंचा वाडा याच प्रकारचा असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्या पेठेत आज चालताना जुने वाडे तुरळक दिसतात. काही पुराने नेले, काहींचा नंतरच्या काळात पुनर्विकास झाला. हा फरक रस्त्यावरून ओळखता येत नाही. तो सासूबाईंनाच विचारावा लागेल, आणि या भेटीचे खरे मोल आमच्या मते तिथेच आहे.

मंदिराजवळच नवा पूल, म्हणजे छत्रपती शिवाजी पूल आहे. १९२३ साली तो लॉइड ब्रिज या नावाने खुला झाला. पाणी याच्याही वरून गेले, पण त्याच्या दगडी कमानी जागच्या हलल्या नाहीत. सासूबाईंना चालवत नसेल तर लकडी पूल ते नवा पूल हे अंतर रिक्षाने करावे आणि फक्त दोन्ही टोकांना उतरावे.

दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी लोकमान्यनगर किंवा गोखलेनगर पाहावे. पर्यटनाच्या यादीत या जागा कोणी घालणार नाही, पण आमच्या दृष्टीने पुराचे सर्वांत बोलके स्मारक हेच. बेघर झालेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे होती. पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था पुढे उभ्या राहिल्या आणि पेठांत पिढ्यान्‌पिढ्या दाराला दार लागून राहिलेली माणसे शहराच्या चारी कडांना विखुरली. पुण्याचा नकाशा त्या एका दिवसाने जितका बदलला, तितका त्यानंतर कित्येक वर्षांत कोणत्याही योजनेने बदलला नाही. शिवाजीनगरमधल्या चौकाला बर्वे यांचे नाव आहे. तेथून रोज जाणाऱ्यांपैकी त्या नावामागचे कारण किती जणांना ठाऊक असेल याची शंका आहे.

दुसरा दिवस धरणांसाठी ठेवावा. सिंहगड रस्त्याने आधी खडकवासला लागते. येथील मूळ धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले आणि इंग्रजी अमदानीत त्याच्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. पुणे शहर याच पाण्यावर अवलंबून होते. त्यामुळे चोहीकडे पूर असताना घरातले नळ मात्र कोरडे, अशी विपरीत स्थिती ओढवली आणि लोकांना विहिरींकडे वळावे लागले. आजचे धरण दुरुस्ती व पुनर्बांधणीनंतरचे आहे. रविवारी जाऊ नये. भजी आणि कणसे खाण्यासाठी आलेल्या गाड्यांच्या रांगेतच वेळ जाईल.

पानशेत पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. तिथे दोन धरणे जवळजवळ आहेत आणि येणाऱ्यांचा हमखास घोटाळा होतो. आंबी नदीवरचे ते पानशेत आणि मोसे नदीवरचे ते वरसगाव. वरसगाव नंतर बांधलेले असून १९६१ साली ते अस्तित्वात नव्हते. पानशेतचा बांधही नव्याने बांधलेला आहे आणि जलाशयाला आता तानाजीसागर म्हणतात. पाण्यावर होड्या फिरतात. हे पाहून सासूबाई काही बोलल्या नाहीत, तर त्यांना बोलते करण्याचा आग्रह धरू नये.

प्रश्न : पुण्यातील काही भिंतींवर पुराची पातळी दाखवणारी रेघ किंवा पाटी आहे असे ऐकतो. तीच ‘पूररेषा’ का? ती कुठे पाहता येईल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. नदीकाठच्या पेठांतील काही जुन्या इमारतींवर १२ जुलै १९६१ च्या पाण्याची उंची दाखवणारी खूण मालकांनी जपलेली असते. ती एका प्रत्यक्ष दिवसाची आठवण आहे. पाटबंधारे खात्याच्या नकाशांवरील निळी आणि लाल पूररेषा मात्र हिशेबाने आखलेल्या असतात. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. बांधकामाची परवानगी या रेषांवरून ठरते. १९६१ चा पूर पावसाने नदी फुगून आलेला नव्हता, धरणे फुटून आलेला होता, म्हणून त्याची पातळी या हिशेबात सरळ बसत नाही. उलट, ‘पानशेतला पाणी इथवर आले नव्हते, म्हणून आपण सुरक्षित’ हा समजही धोक्याचा आहे. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा कोणतेही धरण फुटले नव्हते. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला होता, इतकेच.

खूण असलेल्या इमारती बहुधा खासगी असतात. आत शिरण्यापूर्वी विचारावे. छायाचित्र घेताना शेजारी कोणाला तरी उभे करावे, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

प्रश्न : इतकी माणसे गेली त्या धरणावर सहलीला जाणे योग्य का? आणि दोष कोणाचा होता हे ठरले का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जाण्यात गैर काही नाही. धरणाच्या भिंतीवर मात्र प्रवेश नसतो आणि जलाशयात उतरणे जिवावर बेतते. दोषाविषयी सांगायचे, तर सरकारने न्यायालयीन चौकशी नेमली. न्यायमूर्ती बावडेकर यांचे चौकशी चालू असतानाच निधन झाले आणि न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पुरे केले. बांधकामातील घाई आणि विमोचकाचे अपुरे काम या दोन गोष्टी त्या चर्चेच्या केंद्रस्थानी राहिल्या. पानशेतला जाणाऱ्याने तेथील लोकांशी बोलताना आणखी एक ध्यानात ठेवावे. पुणेकरांसाठी ही कथा एका दिवसाची असली, तरी ज्यांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या त्या गावांसाठी ती धरण फुटण्याच्या आधीच सुरू झाली होती, आणि धरण पुन्हा बांधले गेले तेव्हा त्या जमिनी पाण्याखालीच राहिल्या.