सूर-शंका : पिकल्या गळ्याचे नवे अल्बम

सत्तरी-ऐंशीच्या घरातल्या रॉक कलावंतांचे नवे अल्बम आणि ते ऐकताना-वाजवताना येणाऱ्या अडचणी, यांवर नागपूरहून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (धरमपेठ) : तरुणपणी टिपेला गाणारे गायक नव्या अल्बममध्ये खालच्या पट्टीत, अर्धवट बोलल्यासारखं गातात. वयानं आवाज जड होतो म्हणून, की ही स्टुडिओची करामत?

उत्तर : आवाज जड होतो हे सरसकट खरं नाही. पुरुषांचा बोलण्याचा सूर उतारवयात उलट थोडा चढतो. जातं ते गाण्यातलं वरचं टोक. स्वररज्जूंमधला स्नायू बारीक होतो, रज्जूंच्या कडा बाक धरतात आणि मिटताना मधे फट राहते. त्या फटीतून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा, हवेशीर वाटतो. त्यात बरगड्यांच्या कूर्चा ताठरलेल्या असतात, दम लवकर संपतो. वरचा सूर लावायला हवेचा दाब जास्त लागतो आणि नेमका तोच उरलेला नसतो.

जाणता निर्माता याच्याशी भांडत बसत नाही. पट्टी उतरवतो, लांब ओळी दोन श्वासांत तोडतो, माइक जवळ आणतो. एका दिशेचा आवाज टिपणारा माइक तोंडाजवळ आणला की खर्ज आपोआप वाढतो आणि हळू गायलेलंही भरीव लागतं. पण खरी मेख वाद्यांत आहे. झांजा आणि फाटक्या आवाजाची गिटार साधारण २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा व्यापतात. शब्दांतली व्यंजनं ऐकू येतात ती त्याच पट्ट्यात. हवेशीर आवाज तिथेच बुडतो. बॉब डिलनचा 'रफ अँड राउडी वेज' जून २०२० मध्ये आला तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. त्यातल्या जवळपास १७ मिनिटांच्या शेवटच्या गाण्यात पियानो, गजानं वाजवलेला बास आणि नावापुरता ताल, एवढंच आहे. शब्द न् शब्द कळतो. डेव्हिड बोवीनं 'ब्लॅकस्टार'साठी (जानेवारी २०१६) नेमकी उलटी वाट धरली. न्यूयॉर्कच्या डॉनी मॅकॅस्लिनचा जॅझ चमू घेतला आणि त्यांना दाट वाजवू दिलं. ६९व्या वर्षीही त्याचा गळा ते पेलत होता, म्हणून ते चाललं.

आमचं स्पष्ट मत असं : जुन्या पट्टीचा हट्ट धरून ध्रुवपदात चार सहगायक रचलेले आणि सूर सॉफ्टवेअरनं ताणून बसवलेले, असा अल्बमच जास्त म्हातारा ऐकू येतो. हेडफोन लावून ध्रुवपदाचा सर्वात वरचा सूर ऐका. तिथे मुख्य गायक एकटा उभा आहे की गर्दीत लपलाय, हे लगेच कळतं.

प्रश्न (सदर) : अमेरिकेतल्या भावानं जुना टर्नटेबल पाठवला. ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावलाय. पण रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' लावला तर गायक मिक जॅगर अगदी थकलेला वाटतो. ऐंशीच्या घरातला आहे म्हणून मान्य करायचं का?

उत्तर : जॅगरवर अन्याय करू नका! ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, वारंवारता नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. जुन्या पट्टेवाल्या टर्नटेबलची एसी सिंक्रोनस मोटर वारंवारतेवर चालते, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी सुमारे २७.८ फेऱ्याच पडतात. गाणं तीन अर्धसुरांहून थोडं जास्तच खाली येतं. तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवून फेऱ्या मोजा : ३ मिनिटांत १०० भरायला हव्यात. ८३च्या आसपास भरल्या तर दोष हाच. उपाय म्हणजे त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली, किंवा वारंवारता बदलून देणारा स्वतंत्र वीजपुरवठा. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांना हा त्रास नाही.

प्रश्न (मानेवाडा) : उतरवलेल्या पट्टीतली गाणी वाजवायची म्हणून आमच्या बँडनं गिटार अर्धा सूर उतरवली. आता पहिल्या चार-पाच पडद्यांवर तारा खणखणतात. तार बदलायची की गिटार?

उत्तर : गिटार राहू द्या. अर्धा सूर उतरवला की तारांचा ताण सुमारे ११ टक्के घटतो, पूर्ण सूर उतरवला तर सुमारे २१ टक्के. ताण कमी झाला की मानेतली सळई तिला मागे ओढते, मान सपाट होते आणि तारा खालच्या पडद्यांना घासतात. आधी तारा जाड करा. १०-४६चा संच (जाडी इंचाच्या हजारांशांत) असेल तर अर्ध्या सुरासाठी १०.५-४८, पूर्ण सुरासाठी ११-४९. मग मान तपासा. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा, मान जिथे खोक्याला जुळते तिथला पडदा दाबा आणि सातव्या पडद्यावर तार व पडदा यांतली फट मोजा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी. त्यासाठी फीलर गेज लागतो. मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. फट कमी असेल तर सळईचा नट घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा, जास्त नाही. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजा. नट अडला तर जोर लावू नका, सळई तुटली तर मानच गेली.

एवढं झाल्यावर बाराव्या पडद्यावरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे घ्या. ट्रेमोलोचा तरंगता ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे सैल करावे लागतील, नाहीतर ब्रिज खोक्यात बसतो. आणि हे सगळं गिटार ज्या खोलीत राहते तिथेच करा. मे महिन्यात कूलरच्या ओल्या हवेत लाकूड फुगतं, थंडीत कोरडं पडतं. एका ऋतूत केलेलं सेटिंग दुसऱ्या ऋतूत हलतंच.

प्रश्न (महाल) : बाबा ६८ वर्षांचे. अनेक वर्षं ऑर्केस्ट्रात गायले-वाजवले. आता स्वतःची सहा-सात गाणी घरीच रेकॉर्ड करायची म्हणतात. ऑडिओ इंटरफेस आणि कंडेन्सर माइक घेतलाय. पट्टी पूर्वीचीच, पांढरी सहा, ठेवायचा आग्रह आहे. कूलर बंद केला तर बसवत नाही. कसं जमवावं?

उत्तर : पट्टीचा वाद तोंडी मिटणार नाही. गाण्यातला सर्वात वरचा सूर कुठला ते काढा. बाबांना तो सलग पाच वेळा, न ओरडता, शब्दासकट लावायला सांगा. तिसऱ्या-चौथ्या वेळी घसा आवळला तर पट्टी दोन अर्धसूर खाली घ्या, म्हणजे पांढरी पाच. नियम सोपा आहे : गाण्याचा वरचा सूर त्यांच्या आजच्या टोकापेक्षा किमान दोन अर्धसूर खाली हवा. खालची बाजूही बघा. फार उतरवलं तर अंतऱ्याच्या सुरुवातीचे शब्द खर्जात विरतात. तयार ट्रॅक सॉफ्टवेअरनं खाली ओढू नका. सरावाला चालेल, पण रेकॉर्डिंगमध्ये ड्रमचा ठोका आणि झांजेची शेपटी लगेच चुगली करते. वाद्यं नव्या पट्टीत नव्यानं वाजवा.

खोलीबाबत बहुतेक जण एक चूक करतात. फोम माइकच्या मागे लावतात. माइक ऐकतो ती गायकाच्या मागची भिंत, म्हणून जाड गोधड्या किंवा उभी गादी बाबांच्या पाठीमागे आणि बाजूला लावा. स्वयंपाकघराच्या फरशीवर नको, कपाटं-गाद्या असलेली झोपायची खोली उत्तम. कूलरचा पंखा आणि पंप दोन्हीचा आवाज माइकमध्ये येतो, नंतर सॉफ्टवेअरनं काढला तर आवाजातली हवाही त्याच्याबरोबर जाते. पिकल्या गळ्यात तीच तर मजा असते. तेव्हा खोली आधी अर्धा-पाऊण तास गार करा, कूलर-पंखा बंद करा, १५-२० मिनिटं गाऊ द्या, पुन्हा चालू करा. पारा ४५ वर असेल तर हा खटाटोप नकोच. डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबता आलं तर थांबा. वेळ सकाळी उठल्या-उठल्याची नको, उतारवयात घसा मोकळा व्हायला दोन-तीन तास लागतात.

माइक तोंडापासून १५ ते २० सेमी, मधे ५-६ सेमीवर पॉप फिल्टर, आणि माइक नाकाच्या रेषेपासून जरा बाजूला वळवलेला, म्हणजे 'फ', 'भ'चे फुत्कार थेट आदळत नाहीत. कंडेन्सर माइकला वीज देणारं इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वात मोठा आवाज उणे १० ते उणे १२ डेसिबलवर थांबला पाहिजे. ऑर्केस्ट्राची सवय असलेला गायक तालमीत दबून गातो आणि लाल दिवा लागला की सुटतो, म्हणून पातळी तालमीवर ठरवू नका.

पूर्ण गाणं तीन-चार वेळा घ्या आणि त्यातून ओळी निवडा. एकाच ओळीचे वीस टेक घेऊ नका, दहाव्यानंतर गळा उतरत जातो आणि मूड त्याच्या आधीच गेलेला असतो. चाळीसेक मिनिटं गाणं झालं की त्या दिवसापुरतं पुरे. नंतरच्या कामात ८० हर्ट्झखालचं कापा, आवाजातले चढउतार आवरणारा कंप्रेसर ३ : १ ठेवा, त्यानं होणारी घट ४-५ डेसिबलपेक्षा जास्त नको. श्वास पूर्ण पुसू नका, ५-६ डेसिबल खाली आणा. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर 'ऑटो'वर टाकलं तर वयामुळे संथ आणि रुंद झालेलं कंपन तुटक होतं आणि बाबा यंत्रासारखे ऐकू येतात. चुकलेला एखादा सूर हातानं उचला, बाकीचे सोडून द्या.

प्रश्न (इतवारी) : गेलेल्या साथीदाराचं वाजवणं नव्या अल्बममध्ये कसं घेतात? आमच्याकडे १९९४ची कॅसेट आहे, तीत आता हयात नसलेल्या मित्राची गिटार आहे.

उत्तर : डेव्हिड गिलमूरच्या 'लक अँड स्ट्रेंज' (सप्टेंबर २०२४) या अल्बमच्या शीर्षकगीतात पिंक फ्लॉइड या बँडमधला त्याचा साथीदार, कीबोर्डवादक रिक राइट वाजवतो. राइट २००८ मध्ये गेला, ते वादन २००७ मध्ये गिलमूरच्या कोठारात झालेल्या बैठकीतलं. 'हॅकनी डायमंड्स'मधल्या दोन गाण्यांत ड्रमवर रोलिंग स्टोन्सचा जुना ड्रमर चार्ली वॉट्स आहे, तो ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. अशा कामात एक पथ्य महत्त्वाचं : जुनं वादन क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) बसवू नका, क्लिक जुन्या वादनावर बसवा. प्रत्येक मात्रेची खूण सॉफ्टवेअरमध्ये हातानं करा, मग लय जिथे मित्रानं वाढवली तिथे तुमचे नवे ड्रमही वाढतील. ताणून सरळ केलं की त्याचा हात ओळखू येत नाही.

पण आधी कॅसेट. फितीच्या मागचा फेल्टचा तुकडा निघाला असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवा. पांढरी बुरशी दिसली तर डेकमध्ये घालूच नका, हेडवर पसरते. डेकचं हेड इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग हेडशेजारच्या छोट्या स्क्रूनं कोन जुळवा : आवाज मोनो करून ऐका, झांजा सर्वात लख्ख वाजतात तो कोन बरोबर. सूर चढा-उतरता असेल तर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवून घेतल्यावर वेग बदला. वेग आणि सूर दोन्ही एकत्र हलायला हवेत, फक्त सूर नव्हे.

प्रश्न (प्रतापनगर) : काही अल्बम एका एलपीत, काही दोन एलपींत का? पैसे काढायचा धंदा आहे का?

उत्तर : कधी कधी आहे. पण १२ इंची तबकडीला एका बाजूला १८ ते २२ मिनिटं सोयीची. खर्जाला खाचेत रुंद जागा लागते, वेळ वाढवला की आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि मग पार्श्वखरखर वर येते. 'ब्लॅकस्टार' ४१ मिनिटांचा, एका तबकडीत ऐसपैस बसतो. 'हॅकनी डायमंड्स' ४८ मिनिटं, एका तबकडीत जरा दाटीवाटीनं. डिलनचा ७० मिनिटांचा, तिथे दोन लागणारच. शिवाय सुई आत सरकते तसा खाचेचा वेग घटतो : बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेमी, आत जेमतेम २१. जवळून टिपलेल्या आवाजातले 'स', 'श' तिथे फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात.

प्रश्न (वर्धा रोड) : मे महिन्यात एलपी दुपारभर कारमध्ये राहिली, कडा लाटेसारखी झाली. सरळ होईल?

उत्तर : कडेची लाट जात नाही. थाळीसारखी एकसंध वाकली असती तर ८-१० मिमीच्या दोन काचांमध्ये, वर पाच-सहा किलो वजन ठेवून, दोन-तीन आठवड्यांत थोडी बसली असती. ओव्हन आणि इस्त्रीचे उपाय करू नका, खाचाच वितळतात. सुई लाटेवर उडत असेल तर ती तबकडी वाजवणं थांबवा. सुई नवी घ्यायची तर एलपीपेक्षा महाग पडू शकते.