दारं धरताना ‘सुनो’

प्रश्न : ताई, आमच्याकडं शेतातली लाईट रात्रीची असती, म्हणून गव्हाला दारं धरायला एकटाच जातो न् कानात लकी अलीचा ‘सुनो’ लावतो. अल्बम माझ्या जन्माच्या आधीचा. मित्र म्हणतेत, काय रडकं ऐकायलास. पण दोन महिने झाले तरी मन भरंना. काहून व्हायलंय असं?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : भाऊ, रडकं अजिबात नाही ते. ‘सुनो’ आला १९९६ ला. त्याच्या आदल्या वर्षी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ न् दलेर मेहंदीचं ‘बोलो ता रा रा’ जिकडंतिकडं दणाणत होतं, पॉप म्हणजे नाचायचं असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं, आणि त्यात विनोदी नट मेहमूदचा हा मुलगा आला तो गिटार घेऊन, खरखरीत आवाजात, कसलीच घाई नसल्यासारखा. शब्द सय्यद अस्लम नूर यांचे, साधेच. संगीताची बाजू न्यूझीलंडच्या मायकी मॅकक्लिअरीनं सांभाळलेली, आणि मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं तर वाद्यांची गर्दी नाही, दोन ओळींच्या मधी मोकळी जागा सोडलेली आहे, तिथं ऐकणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी येऊन बसतं.

तुम्ही तर जनाबाईच्या गावचे. जात्यावर ओवी म्हणणारी बाई कुणाला ऐकवायला थोडीच म्हणायची, दळता दळता मनातलं बाहेर यायचं, आणि पलीकडच्या खोलीत जागं असलेलं माणूस ते गुपचूप ऐकत पडायचं. लकी अली मला तसाच वाटतो. तान नाही, चढाओढ नाही, तो स्वतःशीच गातोय न् आपल्या कानावर पडतंय. असलं गाणं जुनं व्हायला त्यात त्या काळची फॅशनच फार नाही.

२०२० मधी गोव्यातला त्याचा, ‘सुनो’तल्याच ‘ओ सनम’ गाण्याचा व्हिडिओ व्हायरल झाला तेव्हा बघा, साठी ओलांडलेला माणूस, हातात नुसती गिटार, तरी गाणं कुठंच उणं पडलं नाही, आणि तेव्हा ते शोधून ऐकणाऱ्यांत तुमच्याच वयाची पोरं किती होती! मित्रांना एकदा रात्री सोबत न्या, समजावून सांगत बसू नका.

शफल बंद ठेवा, गाणी क्रमानंच ऐका. पुढं त्याचाच ‘सिफर’ हा अल्बम (१९९८) आहेच, पण गव्हाचं पाणी होईस्तोवर हेच चालू द्या. फक्त इयरफोन एकाच कानात घाला, रात्रीच्याला बांधावर साप-किरडू असतंय.