‘ब्लॅक लिबरेशन थिऑलॉजी’: मोक्ष की मुक्ती?

प्रश्न असा आलाय की एका अनुवादात ‘ब्लॅक लिबरेशन थिऑलॉजी’ला (म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या ख्रिश्चनांनी आपल्या सुटकेच्या लढ्यातून मांडलेल्या देवाविषयीच्या विचाराला) ‘कृष्णवर्णीय मोक्षशास्त्र’ म्हटलंय, ते चालेल का. माझ्या मते अजिबात नाही.

सगळ्यात जास्त खटकतो तो मोक्ष. मोक्ष एकट्याचा असतो, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचा, आणि ही थिऑलॉजी मांडणारे काळे अमेरिकी अभ्यासक जेम्स कोन यांचा राग नेमका गुलामांना दिलेल्या असल्याच शिकवणीवर होता, की मेल्यावर स्वर्गात सुख आहे तोवर मालकाचं निमूट ऐका. त्यांना लिबरेशन म्हणजे बायबलमधले गुलाम इजिप्तमधून बाहेर पडले तशी सुटका हवी होती, याच जगात, जिवंतपणी. म्हणून ‘मुक्ती’ घ्या, पण अभंगातली नको, मराठवाडा मुक्तिसंग्रामातली घ्या. (‘तारण’ आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींनी साल्व्हेशनसाठी कधीच घेऊन टाकलाय, आणि बाकीच्यांना तारण म्हटलं की बँकच आठवते.)

थिऑलॉजीला ‘धर्मशास्त्र’ही नको, लगेच मनुस्मृती डोळ्यासमोर येते. ‘ईश्वरविद्या’ म्हणा, नाहीतर सरळ थिऑलॉजीच ठेवा.

आता ‘ब्लॅक’. कोननी १९७० च्या आसपास लिहिलं की देव काळा आहे. मराठी माणसाला त्यात काय नवल, विठोबा काळाच की! पण अमेरिकेत घराघरात येशू लागलेला तो गोरा, पिंगट केसांचा, वॉर्नर सॉलमनने १९४० मध्ये काढलेला. तिथे १९६७ च्या ईस्टरला डेट्रॉइटमध्ये अल्बर्ट क्लीग या पाद्र्यांनी आपल्या चर्चमध्ये काळी मेरी आणि तिच्या कडेवर काळं बाळ असं भलंमोठं चित्र लावलं, आणि लावलं कुठे तर जिथे आधी रंगीत काचेत गोरे पिल्ग्रिम (इंग्लंडहून आलेले वसाहतकरी) अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरताना दिसायचे तिथे. त्याच जुलैत काळ्यांच्या उठावात डेट्रॉइट पेटलं, ४३ जण मेले. कोन तेव्हा मिशिगनमध्येच एड्रियन कॉलेजात शिकवत होते, त्यांना वाटलं की यावर बोलता येत नसेल तर आपली थिऑलॉजी काय चाटायचीय, आणि १९६९ मध्ये पहिलं पुस्तक आलं. देव काळा म्हणजे जो भरडला जातोय त्याच्या बाजूचा, कातडी हा त्यातला एक भाग. पुढे २०११ मध्ये तर त्यांनी येशूचा क्रूस आणि गोरे जमाव काळ्यांना ठेचून लटकवायचे ती झाडं शेजारीशेजारी ठेवली.

म्हणून ‘कृष्णवर्णीय’ मला सरकारी परिपत्रकातला वाटतो, सोवळा. मी ‘काळ्यांची मुक्तिवादी थिऑलॉजी’ म्हणेन. काहींना ‘काळ्यांची’ शिवीसारखं वाटेल, पण तिथल्या तरुण पिढीने ‘निग्रो’ टाकून ‘ब्लॅक’ मुद्दाम छातीवर लावला होता, जसा आपल्याकडे ‘हरिजन’ नाकारून ‘दलित’ घेतला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊनच, आणि ऐंशीच्या दशकात अरविंद निर्मळ वगैरे ख्रिस्ती अभ्यासकांनी दलित थिऑलॉजी मांडली, तिला कुणी ‘मागासवर्गीय ईश्वरविद्या’ म्हणत नाही.