एकटीने व्हिडिओ किती करायचे?

प्रश्न: मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. मुक्त विद्यापीठाची पोरं फक्त रविवारी येतात, संदर्भ कसे शोधायचे ते फोनवर किती वेळा सांगू? व्हिडिओ करायचेत, पण एकटीला जमेना.

उत्तर: ताई, एकटीने करूच नका. कॅनडात पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांनी मिळून 'ॲन्ट्स' नावाचा प्रोजेक्ट केला होता, एकाने छोटा व्हिडिओ बनवायचा, सगळ्यांशी शेअर करायचा, बाकीच्यांनी हवा तसा बदलून वापरायचा. तुम्हीपण आसपासचे चार ग्रंथपाल गाठा, एकाने शोधगंगा (पीएचडीच्या प्रबंधांची वेबसाईट) घ्यायची, दुसऱ्याने नॅशनल डिजिटल लायब्ररी, आणि दोन-तीन मिनिटांच्या वर नको हं, पोरं एसटीत बसून मोबाईलवर बघतात. व्हिडिओची मूळ, बदलता येणारी फाईल मात्र जपा, वेबसाईट जरा बदलली की व्हिडिओ शिळा, आणि ती फाईल नसली की परत पहिल्यापासून!