आधी पॉलिसी परत करा, खुर्ची पुढच्या महिन्यात

प्रश्न: मी २८ वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. वाकडला मित्राबरोबर भाड्याने राहतो. हातात ६२ हजार येतात. त्यातले १३ हजार भाडं, १२ हजार बार्शीला आईवडिलांना. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, रात्री गेमिंग, आणि बसायला जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची. कंबर धरते. ऑनलाइन एक गेमिंग खुर्ची ११,९९९ ला दिसली: ‘अर्गोनॉमिक’ लिहिलंय, मानेला आणि कमरेला उशी आहे, पाठ १८० अंश मागे जाते. कार्डावर बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय मिळतोय. दुसरी, जाळीच्या पाठीची ऑफिस खुर्ची १४,५०० ला आहे. कोणती घेऊ? कार्डावर सध्या ९० हजार बाकी आहेत (मर्यादा १ लाख २० हजार), पण किमान रक्कम, साडेचार हजारांच्या आसपास, दरमहा वेळेवर भरतो, त्यामुळे सिबिलला धक्का नाही. दिवाळीच्या बोनसमध्ये बरंच फिटेल. पुढे स्ट्रीमिंग सुरू केलं तर खुर्चीचे पैसेही निघतील. बचतीला शिस्त हवी म्हणून बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सांगण्यावरून गॅरंटीड इन्कम प्लॅन घेतला आहे. वर्षाला १ लाख, दहा वर्षं. पहिल्या हप्त्यानंतर बारा वर्षांनी दरवर्षी १ लाख ८० हजार, तेही दहा वर्षं. शिवाय विमा आणि करबचत. पहिला प्रीमियम बचत खात्यातून भरला, आता तिथे १० हजार उरलेत. पॉलिसीची पीडीएफ १२ दिवसांपूर्वी ईमेलवर आली.

उत्तर: खुर्चीचं सांगते, पण त्याआधी तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. पीडीएफ येऊन १२ दिवस झालेत, म्हणजे तुमच्या हातात अजून १८ दिवस आहेत. छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून हा भाग तुम्हाला ईमेलने लगेच कळवला आहे. इथे बाकीच्यांसाठी देते.

जीवनविम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत, अटी पटल्या नाहीत तर ती परत करता येते. याला फ्री-लूक कालावधी म्हणतात. पूर्वी बऱ्याच पॉलिसींना १५ दिवस मिळायचे, २०२४ च्या नियमांपासून सरसकट ३० आहेत. भरलेल्या प्रीमियममधून फक्त तीन गोष्टी कापल्या जातात: जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांच्या जोखमीचे पैसे, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. तुमच्या १ लाखातले ९८-९९ हजार परत यायला हवेत. अर्ज बँकेकडे नाही, विमा कंपनीकडे करायचा. ईमेलने करा आणि पुण्यातल्या त्यांच्या शाखेत जाऊन एक प्रत देऊन पोच घ्या. पॉलिसी क्रमांक, पीडीएफ मिळाल्याची तारीख, ‘अटी मान्य नाहीत, फ्री-लूकमध्ये रद्द करावी’ हे एक वाक्य, आणि रद्द केलेला चेक. एवढंच पुरतं. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हणाला असाल तरी या हक्काला बाध येत नाही. (‘फोन येईल, सगळ्याला हो म्हणा’ असं शिकवणारा विक्रेता भेटला की तिथेच उठून यायचं, हे मी प्रत्येकाला सांगते.)

आता का परत करायची ते. तुम्हाला सांगितलं गेलं असेल, ‘दहा लाख भरा, अठरा लाख मिळतील, म्हणजे ८० टक्के, दहा वर्षांनी भागलं की वर्षाला आठ टक्के, तेही गॅरंटीड.’ हा भागाकार चुकीचा आहे आणि तो करणाऱ्याला ते माहीत असतं. तुमच्या योजनेत हिशेब सोपा आहे. पहिला लाख बारा वर्षांनी १ लाख ८० हजार होऊन येतो, दुसरा लाखही त्याच्या तारखेपासून बारा वर्षांनी, असे दहाही. लाखाचे बारा वर्षांत १.८ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम ५ टक्के. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. त्या दराने तोच लाख बारा वर्षांत २ लाख २८ हजारांच्या आसपास जातो. एका हप्त्यामागे ४८ हजारांचा फरक, आणि हप्ते दहा.

करबचतीचंही तेच. नव्या करप्रणालीत ८० सी ची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची, वजावट नाही. तुमचा पगार वर्षाला नऊ लाखांच्या आतबाहेर असेल, आणि २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. जो कर तुम्ही भरतच नाही, तो वाचवून देतो म्हणून तुम्हाला वस्तू विकली गेली. मला याचा मनापासून राग येतो. तुम्ही शाखेत गेलात ते बचतीची शिस्त लावायला. तिथे तुमचं कार्डाचं कर्ज त्यांना पडद्यावर दिसत असणार. तरी कोणी म्हणालं नाही, की आधी ते फेडा.

कारण खरी गळती तिथे आहे. कार्डावर महिन्याला ३.६ टक्के धरू, बहुतेक कार्डांचा दर तेवढाच असतो. ९० हजारांवर ३,२४० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,८०० रुपये. तुम्ही भरता ४,५००. मुद्दल सातशेने कमी होतं, आणि तेही त्या महिन्यात कार्ड अजिबात वापरलं नाही तर. वर्षाचा दर जीएसटी धरून ५१ टक्के पडतो. वर्षाला ४५ हजार रुपये व्याजात जातात. तुम्ही विचारलेल्या जाळीच्या तीन खुर्च्या त्यात येतात. ५१ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज तसंच ठेवून तुम्ही ५ टक्क्यांच्या योजनेत लाख रुपये टाकलेत. तुमच्याकडे बचत खात्यात १ लाख १० हजार होते! त्याच दिवशी ते कार्डावर भरले असते तर आज प्रश्न फक्त खुर्चीचा राहिला असता.

‘किमान रक्कम भरतो म्हणून सिबिल ठीक’ हे अर्धंच खरं आहे. उशिराचा शेरा लागत नाही, पण १ लाख २० हजारांच्या मर्यादेत ९० हजार वापरलेले दिसतात, म्हणजे ७५ टक्के. गुणांकाला तेही जड जातं. आणि बाकी मागे ठेवली की बिनव्याजी मुदत संपते. किराणा, पेट्रोल, रात्री मागवलेलं जेवण, कार्डावरच्या प्रत्येक नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे फार थोड्यांना माहीत असतं.

बोनसवर मी एक रुपयाही धरणार नाही. बोनस आला तर आनंदच आहे, पण जो अजून खात्यात आलेला नाही तो कर्ज फेडत नाही आणि दिवाळीपर्यंतचं व्याज मात्र भरावंच लागतं. स्ट्रीमिंगचं उत्पन्न तर हिशेबात घेऊच नका. आवड असेल तर जरूर करा. खुर्ची मात्र पगारातून घ्यायची वस्तू आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. पॉलिसीचे पैसे परत आले की खात्यात १ लाख ८-९ हजार होतील. त्यातून कार्डाची पूर्ण बाकी भरा, बिलात न आलेले खर्च धरून. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही पूर्ण भरा. अनेक जण इथे फसतात आणि ‘फेडलं होतं की’ म्हणत पुन्हा चक्रात येतात. कार्ड काही महिने घरी ठेवा. खात्यात १८ हजारांच्या आसपास उरतील. पुढे कार्डाचे साडेचार हजार आणि प्रीमियमसाठी बाजूला टाकणार होता ते आठ हजार, असे दरमहा साडेबारा हजार मोकळे होतात. त्यातून चार महिन्यांचा खर्च साठवा. तुमच्यासाठी तो पावणेदोन-दोन लाख, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचं काम. बचतीची शिस्त म्हणतात ती हीच, आणि रिकरिंग डिपॉझिटवरही ती लागते.

विमा मात्र हवा. आईवडील तुमच्या १२ हजारांवर आहेत, वर्षाला १ लाख ४४ हजार. या योजनेत विमा प्रीमियमच्या दहापट, म्हणजे १० लाखांच्या आसपास असणार. ते सात वर्षंही पुरत नाहीत. तुमच्या वयाला, तंबाखूचं व्यसन नसेल तर, एक कोटीचा साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) वर्षाला दहा-बारा हजारांच्या आसपास मिळतो. कार्ड फिटल्यावर पहिलं ते घ्या. आईवडिलांचा आरोग्य विमा कंपनीच्या गटविम्यात आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आज एचआरला विचारा. त्याच ईमेलमध्ये घरून काम करणाऱ्यांना खुर्चीसाठी काही भत्ता आहे का, हेही विचारा.

आता खुर्ची. ती हवीच, दुखऱ्या कमरेने काम करा असं मी म्हणणार नाही. पण ११,९९९ वाली घेऊ नका.

गेमिंग खुर्चीचा आकार शर्यतीच्या गाडीच्या सीटवरून आला आहे. दोन्ही बाजूंचे उभार वळणावर चालकाला घट्ट धरायला असतात. टेबलाशी बसलेल्याला त्यांचा उपयोग नाही, उलट रुंद खांद्याच्या माणसाचे खांदे ते पुढे ढकलतात. पट्ट्याने बांधलेली कमरेची उशी सरकत राहते. १८० अंश मागे जाणारी पाठ झोपायला ठीक, टाइप करताना तिचा काही उपयोग नाही. कृत्रिम चामडं एप्रिलमध्ये पाठीला घाम आणतं आणि स्वस्तातलं असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात. वॉरंटीचा कागद वाचा, फोम आणि चामडं त्यात बहुधा नसतं. ‘बिफ्मा’ (ऑफिस फर्निचरच्या मजबुतीची अमेरिकन मानकं) असं ठळक लिहिलेलं असेल तर अख्खी खुर्ची तपासलेली आहे की नुसता गॅस लिफ्ट, म्हणजे सीट वरखाली करणारा दांडा, हे विचारा. या किमतीत बहुतेक वेळा एखादाच भाग असतो.

जाळीच्या खुर्चीत चार गोष्टी पाहा, आणि दुकानात वीस मिनिटं बसून पाहा. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. कमरेचा आधार वरखाली होऊन पट्ट्याच्या रेषेत आला पाहिजे. हात कोपरात दुमडले की खांदे न उचलता खुर्चीच्या हातांवर टेकले पाहिजेत, आणि खुर्चीचे ते हात टेबलाखाली गेले पाहिजेत. शेवटचं घरी टेबलाची उंची मोजून जाल तरच कळेल. गॅस लिफ्ट क्लास ४ चा असावा. हिंजवडी-खराडीतली ऑफिसं जागा बदलतात तेव्हा चांगल्या कंपनीच्या वापरलेल्या खुर्च्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत निम्म्याहून कमी किमतीत येतात. आधी तिथे एक फेरी मारा. पाच-सहा हजारांत चांगली मिळाली तर १४,५०० कशाला घालवता?

आणि खुर्चीआधी लॅपटॉप उचला. तो टेबलावर सपाट असेल तर कितीही महाग खुर्चीत मान खालीच जाणार. पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा, वेगळा कीबोर्ड आणि माऊस हजार-दीड हजारात येतो. हे आजच करा. कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर खुर्चीचा विचार बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पैसे द्यायचे ते रोख किंवा यूपीआयने, कार्ड फिटल्यावर पुढच्या महिन्यात. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट किमतीत आधी दाखवतात, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुम्हीच भरता. या रकमेवर चार-पाचशे. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

पॉलिसी परत करायचं पत्र गेलं की तुम्हाला शाखेतून फोन येईल, दोन-तीनदा येईल. ‘आता रद्द केली तर नुकसान होईल’, ‘दोन वर्षं भरा, मग पेड-अप करू’ (म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू), ‘रक्कम निम्मी करून देतो’, ‘माझं टार्गेट आहे हो’. वाद घालू नका. प्रत्येकाला एकच सांगा, जे म्हणायचं आहे ते ईमेलवर लिहून पाठवा. ‘थांबा, आम्ही बघतो’ म्हणत ते १८ दिवस घालवतील, म्हणून पोच आधी. पोच असूनही पैसे अडवले तर विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तिथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.