डाळीच्या ठोक धंद्यात उतरायचंय. सरकारी नियम सारखे बदलतात म्हणतात, खरंच इतका फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की काकांचं नागपूरच्या इतवारीत किराणा दुकान आहे, आता तूरडाळीचा ठोक धंदा सुरू करावा असं मनात आहे, पण जो तो नियमांची भीती घालतो. ही भीती खरी की व्यापाऱ्यांचं नेहमीचं रडगाणं? दोन्ही. इथल्याच कळमना बाजाराजवळ माझं गोदाम आहे, बावीस वर्षं झाली, आणि रडण्यात मीही मागे नाही.

कर वाढला म्हणून डाळवाला सहसा बुडत नाही, कर भावात जातो. मार बसतो तो गोदामात माल पडलेला असताना नियम फिरला की.

२ जुलै २०२१, शुक्रवार. केंद्राने कडधान्यांवर साठामर्यादा लावली. ठोक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळवाल्याला ५ टन. माझा सगळा मिळून माल १९० टनांच्या आत, म्हणून मी निवांत जेवलो. रात्री दलालाचा फोन आला, "भाऊ, पुढची ओळ वाचली का?" पुढच्या ओळीत होतं की एका जातीचा माल १०० टनांच्या वर नको. माझ्याकडे एकटी तूरच १४० टन! उतरवायला ३० दिवस दिले होते, पण सगळा बाजारच माल काढायला बसल्यावर भाव कोणासाठी थांबतो? ४० टन मी क्विंटलमागे तीनशे रुपये तोटा खाऊन काढले. हिशेब करा, १ लाख २० हजार. १९ जुलैला सरकारनेच मर्यादा ५०० टनांवर नेली, एका जातीला २००. माझी १४० टन तूर आता आरामात नियमात बसत होती, फक्त ती माझ्याकडे उरली नव्हती.

२०२३ मध्ये तोच खेळ पुन्हा झाला. जूनमध्ये तूर-उडदाला २०० टन, सप्टेंबरमध्ये ऐन सणांच्या तोंडावर ५०, नोव्हेंबरात परत २००. त्या वेळी मात्र मी शहाणा झालो होतो, माल कमीच भरला होता.

सरकार उगाच करतं असंही नाही हं. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली तेव्हा साठे दाबून बसलेले आमच्यातलेच होते. अडचण अशी की कायदा भावाच्या मागे धावतो आणि पीक घरात यायला वर्ष लागतं. महाग झाली म्हणून सगळ्यांनी तूर पेरली, बाहेरून आयातही झाली, आणि २०१६-१७ मध्ये हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात त्याच्या खाली विकली गेली. विदर्भातल्या खरेदी केंद्रांवर बारदाना (माल भरायची पोती) संपला, शेतकरी दिवसेंदिवस ट्रॅक्टर लावून बसले. मग ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीला २ लाख टनांचा कोटा, आणि मे २०२१ मध्ये भाव चढल्यावर आयात पुन्हा मोकळी. जो आपला माल दोन महिने धरून बसतो त्याचं अशा वेळी काय होतं, ते सांगायला नको.

बरं, नियम आपल्याच सरकारचा असतो असंही नाही. काटोल-वरुडकडच्या संत्रावाल्यांना विचारा. बांगलादेशाने २०१९ मध्ये किलोला २० रुपये असलेलं आयातशुल्क २०२३ पर्यंत ८८ वर नेलं. नागपुरी संत्र्याचं मोठं परदेशी गिऱ्हाईक तेच. इथल्या बागवाल्याचं मत तिथे कोण विचारणार?

आता तुमच्या कामाचं. धंदा करा, पण बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे उधारीच्या पैशावर) साठा करू नका. व्याज रोज चढतं आणि सरकारी आदेश एका रात्रीत येतो. तीन आठवड्यांत फिरेल एवढाच माल भरा. आदेश व्हॉट्सॲपवर तुकड्यांत वाचू नका, मूळ पीडीएफ शेवटच्या ओळीपर्यंत वाचा (मला किती पडलं ते वर आहेच). मर्यादा लागू असताना साठा सरकारी पोर्टलवर भरावा लागतो. ते काम मुनीमजींवर टाकून विसरू नका, गोदामातले कट्टे स्वतः मोजा.

आणि पिशव्या थोड्याच छापा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकवर ५ टक्के जीएसटी आला, आधी तो नोंदणीकृत ब्रँडलाच होता. बाजाराने लगेच ३० किलोचा कट्टा काढला. माझ्या नावाच्या, २५ किलो छापलेल्या आठ हजार पिशव्या मात्र नुकत्याच आल्या होत्या. अजून गोदामात आहेत, हमाल पावसात त्याच डोक्यावर घेतात.